आत्याचे गुडघे आणि डबल बेल

आमच्या आत्याला "जरा बसा" म्हणायची सोय नाही. "बसायला मी काय पॅसेंजर आहे?" असं ती फाडकन विचारते. तेहतीस वर्षं तिने बसमध्ये कंडक्टरकी केली आणि ती सगळी उभ्याने केली. पट्ट्याची कातडी बॅग खांद्यावर, तिकिटांचा पंच हातात आणि "पुढे सरका, पुढे जागा आहे" हे तोंडात. पुढे जागा असो वा नसो.

बसमध्ये घंटीची दोरी एकदा ओढली की थांब आणि दोनदा ओढली की चल. ही सवय रिटायर झाल्यावरही तिच्या हातातून गेली नाही. चहा पुरे झाला की कपावर चमचा एकदा वाजवणार. बाहेर निघायचं असलं की दारावर किल्ली दोनदा वाजवणार आणि मग आपण पायात चप्पल असो नसो, निघायचं. माझ्या नवऱ्याने तिचं नाव 'डबल बेल' पाडलंय, अर्थात माघारी. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. बाबांची नोकरी फिरतीची. आत्याने स्वतःचं लग्न केलं नव्हतं, ती आली आणि मला उचलून घेऊन गेली. शाळा सुटली की मी तिच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिथेच डबा, तिथेच अभ्यास, तिथेच झोप. सातचा पाढा मी स्टॉप मोजत पाठ केलाय. त्यामुळे फॉर्मवर 'नातं' या रकान्यात मी 'आत्या' लिहिते ते नाइलाजाने, त्या रकान्यात जागाच तेवढी असते.

तर या आत्याला आम्ही चार वर्षांपूर्वी परदेशात आमच्याकडे आणलं. मी इथल्या एका मोठ्या लॉन्ड्रीत काम करते, सरकारी इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला येतात आणि मी इस्त्रीच्या मशीनवर असते. नवरा इमारतींमध्ये वायरिंग करतो. आत्या तेव्हा तिकडे मायदेशी एका खोलीत एकटी, गुडघे कुरकुरायला लागलेले. म्हटलं, बास झालं. तिच्या राहण्याच्या परवान्यासाठी एक कागदवाला गाठला. त्याने सगळी कागदपत्रं केली आणि शेवटी आत्याला बजावलं, "बाई, मुलाखतीला ताठ चालायचं. काही दुखत नाही म्हणायचं. आजारी माणूस यांना नको असतो."

आत्या ताठ चालली, परवान्याचं कार्ड मिळालं. पण कागदवाल्याचं ते वाक्य तिने जे मनात धरलं ते धरलंच. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यातून झाला, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

इथला दवाखाना सरकारी, कार्ड असेल त्याला उघडा. पण आधी नाव नोंदवायचं. नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "पत्त्याचा पुरावा आणा." वीजबिल नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार माझ्या. आत्याच्या नावावर या देशात काय होतं? एक ट्रंक. आम्ही हात हलवत परत आलो. आठवड्याने दवाखान्याचं पत्र आलं, आत्याच्या नावाने: तुमची नोंदणी अपूर्ण आहे, कृपया पत्त्याचा पुरावा सादर करा. मी चिडून ते फाडणारच होते. आत्याने हातातून ओढून घेतलं.

"अगं थांब! हे पत्र कोणी पाठवलं?"

"दवाखान्याने."

"कोणाच्या नावाने? कुठल्या पत्त्यावर? आणि मिळालं की नाही मला? मग आणखी कसला पुरावा हवाय त्यांना?"

दुसऱ्या दिवशी तेच पत्र तिने खिडकीतून आत सरकवलं. मुलीने ते दोनदा वाचलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आली आणि शिक्का मारला. आत्या त्या दिवशी अशी खूश होती की काय सांगू. बसने घरी येताना तिने मला सांगितलं की सरकार कुठलंही असो, खिडकी सगळीकडे सारखीच. बसमध्ये कंडक्टर नाही याचा मात्र तिला भयंकर राग आहे. "माणसं आपली आपण चढतात, आपली आपण उतरतात. याला काय बस म्हणायचं?"

तोपर्यंत गुडघे चांगलेच बिघडले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या. आधी आत्याचं खाली जाणं दिवसाआड झालं, मग आठवड्याने एकदा, मग तिने कारणं काढायला सुरुवात केली. आज वारा आहे. आज कंटाळा आलाय. खाली आहे तरी काय बघायला? ज्या बाईने आयुष्यभर पाच मिनिटं कुठे थांबून काढली नाहीत ती खिडकीशी खुर्ची घेऊन समोरच्या स्टॉपवरच्या बस मोजत बसायला लागली. मला ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो काढले. दोन्ही गुडघ्यांत हाडावर हाड घासत होतं, अगदी मलाही दिसलं. ऑपरेशन होतं आणि सरकारी असल्यामुळे आमच्यावर काही भार पडणार नव्हता. पण रांग मोठी. रांगेत कोण पुढे, कोण मागे हे गुणांवर ठरतं आणि ते गुण फोटो बघून मिळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "घरी एक बाई येतील. तुम्ही रोजचं कसं निभावता ते बघतील. जितकी अडचण जास्त, तितके गुण जास्त."

हे मी आत्याला नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

आता माझी चूक सांगते, लपवून काय उपयोग. सरकारी माणूस घरी येणार म्हटल्यावर मी काय करावं? मी घर आवरलं! दोन दिवस घासलं. पडदे धुतले. बाथरूममध्ये आत्या ज्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करायची ते कळकट दिसतं म्हणून माळ्यावर टाकलं. पलंगाच्या पायाला दोरी बांधली होती, तिला धरून ती उठायची. ती सोडली, कारण घरात गुरं बांधतात की काय असं वाटेल. काठी दाराआड ठेवली. आमच्या घरात पाहुणा येणार म्हणजे असंच करतात. हात चालत होते, डोकं बंद होतं.

ती बाई आली. चाळिशीची, हसरी, खांद्यावर पिशवी आणि हातात मोजायची टेप. खुर्चीची उंची मोजली, पलंगाची मोजली, जिन्याच्या पायरीची मोजली. आत्याने तिचं नाव तिथल्या तिथे 'मोजणीबाई' ठेवलं. भाषांतरासाठी फोनवर दुभाषी मिळते, लावू का, असं तिने मला विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "कशाला? मी आहे ना."

मग आत्याने जो प्रयोग लावला त्याला तोड नव्हती. हातावर जोर न देता खुर्चीतून उठली. स्वयंपाकघरात गेली. चहा केला. ट्रे दोन्ही हातांत धरून, तीन कप, बिस्किटांची बशी, चालत आली. थेंब सांडला नाही! मी बघत राहिले. तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"दुखतं किती? शून्य ते दहा," मोजणीबाईने विचारलं.

"एक," आत्या म्हणाली. नंतर मी विचारलं, एक कुठून काढलास? तर म्हणाली, "शून्य म्हटलं तर खोटं वाटलं असतं."

जिना दाखवा, मोजणीबाई म्हणाली. आत्या दार उघडून वरच्या मजल्याच्या दिशेने सहा पायऱ्या चढली, ताठ. चढणं तिला त्यातल्या त्यात जमायचं. खरी परीक्षा उतरताना. तर वर पोचल्यावर हिने हात पुढे करून मोजणीबाईला वाट दिली, "आधी पाहुणे!" मोजणीबाई हसत पुढे झाली. तिची पाठ वळली आणि आत्याने कठड्याला मिठी मारली. मी बघितलं. आणि मी गप्प बसले, कारण आत्याने माझ्याकडे असे डोळे वटारले होते की मी पुन्हा सहा वर्षांची झाले.

त्यानंतर दोन दिवस आत्या पलंगावर, गरम पाण्याची पिशवी घेऊन. आणि तीन आठवड्यांनी पत्र: सर्व कामं स्वतः करतात. जिन्याचा वापर विनाअडथळा. पाहुण्यांची सरबराई उत्तम. ऑपरेशनची सध्या आवश्यकता नाही, अठरा महिन्यांनी पुन्हा बघू.

मी कपाळावर हात मारला. आत्या मात्र विजयी मुद्रेने म्हणाली, "बघ, पास!"

"आत्या, ही नापास व्हायची परीक्षा होती!"

"हो, आणि मग त्यांनी कार्ड काढून घेतलं म्हणजे? तुझा तो कागदवाला काय म्हणाला होता? आजारी माणूस यांना नको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला सांगितलं, असं काही नसतं. पण मलाही शंभर टक्के माहीत नव्हतं आणि माझ्या आवाजातला तो डळमळीतपणा तिने बरोबर ओळखला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "नसावं." 'नसावं' म्हणे! असल्या उत्तराने कोणाचं समाधान झालंय?

मी दवाखान्यात जाऊन खिडकीवरच्या मुलीसमोर अक्षरशः रडकुंडीला आले. ती भली निघाली. फेरतपासणीचा अर्ज करता येतो, म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण या वेळी घरच्यांनी भाषांतर करायचं नाही. नियम आहे."

या वेळी मी केर सोडून काही काढलं नाही. स्टूल परत बाथरूममध्ये, दोरी पलंगाला, काठी समोर. आत्या तोंड फुगवून बसली होती. "घराची शोभा घालवलीस," म्हणाली. सकाळपासून माझ्याशी धड बोललीही नव्हती.

मोजणीबाई आली, आधीसारखीच हसरी. फोन लावला आणि टेबलावर मधोमध ठेवला. त्यातून एका पोक्त बाईचा आवाज आला, स्वच्छ मराठीत: "नमस्कार. मी दुभाषी. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्ही बाजूंना सांगणार. काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही."

"छान, छान," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत घराबाहेरचं कोणी मराठी बोललं म्हणून ती खुलली होती. फोनवाली नेमकं काय म्हणाली त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. माझंही नव्हतं, खोटं का बोलू.

पहिला प्रश्न: "कशा आहात?"

"ठणठणीत!" आत्या म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "आत्या, पुन्हा सुरू केलंस? ते स्टूल बाथरूममध्ये काय शोभेला आहे?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुला नाही विचारलं."

"चार महिने खाली उतरली नाहीस आणि म्हणे ठणठणीत!"

"बारीक आवाजात बोल, परकी बाई बसलीय समोर. तिला काय कळतंय आपलं भांडण."

फोनमधून इथल्या भाषेत एकसारखा हलका आवाज येत होता, आमच्यामागून अर्ध्या वाक्याच्या अंतराने. मोजणीबाईचा पेन भराभर चालत होता. आत्याने भुवई उंचावली. "ही फोनमधली बाई मध्येच काय पुटपुटतेय?"

फोनने तेही इमानदारीत सांगितलं. मोजणीबाईने ओठ दाबून हसू आवरलं.

"अगं बाई! सगळं सांगतेय की काय ही? अहो ताई, हे नका सांगू, हे घरातलं आहे!"

फोनने तेही सांगितलं.

आत्याने कपाळाला हात लावला आणि माझ्यावरच उखडली. "आणि कोण म्हणतं मी चार महिने उतरले नाही? मंगळवारी गेले होते खाली. एकटी."

"कशी गेलीस?"

"उलटी! जिन्याकडे तोंड करून, कठडा धरून, एकेक पायरी. लहान पोर उतरतं तशी. खाली जायला अर्धा तास आणि वर यायला पाऊण. तू कामावर होतीस."

"कशाला? असं काय अडलं होतं?"

आत्याने टेबलावर बोटाने एकदा टक् केलं. एक बेल, म्हणजे थांब. पण मी थांबणार नव्हते. "सांग, कशाला गेली होतीस?"

"स्टॉपमागे ते विमानाच्या तिकिटांचं ऑफिस आहे ना, तिथे. परतीच्या तिकिटाची चौकशी करायला."

"परत कुठे?"

"माझ्या खोलीवर."

"तिथे तुझं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणजे कोणाला त्रासही नाही. उद्या हे पाय पूर्ण गेले की तू काय करणार? कामाला जाणार की मला उचलत बसणार? आणि गुडघे मोडलेत हे यांना कळलं तर हेच हाकलतील. त्यापेक्षा आपण आपल्या पायांनी जावं, पाय आहेत तोवर."

मला इतका राग आला, इतका राग आला की मी उभी राहिले. "ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मला सहा वर्षं फिरवलंस, तेव्हा मी त्रास नव्हते? माझ्यामुळे तुला डेपोतून मेमो मिळाला होता, पोरीला ड्यूटीवर आणते म्हणून. साहेबाने विचारलं, ही कोण? तू म्हणालीस, माझी आहे. मी ऐकलं होतं ते. तेव्हा मला फाडून दिलंस परतीचं तिकीट?"

मी रडत होते आणि नाक पुसायला हातात बिस्किटांच्या बशीखालचा रुमाल आला तोच वापरला. आत्या खाली बघत होती.

फोन शांत होता. मोजणीबाईने पेन थांबवून त्याच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळाने त्यातून घोगरा आवाज आला, आधी त्यांच्या भाषेत आणि मग आमच्या: "माफ करा. दुभाषीला एक मिनिट हवं आहे." लांबून कोणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग तिने सगळं सांगितलं, मेमोपासून परतीच्या तिकिटापर्यंत, एक शब्द गाळला नाही.

मोजणीबाईने वही मिटली आणि आत्यासमोर खुर्ची ओढून बसली. फोनमधून तिचे शब्द आले: "कार्डाचं ऑफिस वेगळं. तिथली माणसं मला ओळखतसुद्धा नाहीत. मी लिहिलेलं काही त्यांच्याकडे जात नाही आणि गुडघे दुखतात म्हणून कोणाचं कार्ड जात नाही. माझं काम फक्त गुडघ्यांचं."

"नक्की?" आत्याने विचारलं. तिने हे मोजणीबाईला नाही, फोनला विचारलं होतं.

फोनवालीने आधी नियमाप्रमाणे प्रश्न पलीकडे सांगितला, उत्तर ऐकलं आणि मग म्हणाली, "नक्की."

मोजणीबाई उठली. "चला, जिना दाखवा. या वेळी तुम्ही पुढे, पाहुणे मागे." म्हणजे तेव्हाचं तिच्याही लक्षात राहिलं होतं! आत्या जिन्यावर गेली, कठड्याकडे वळली आणि उलटी उतरली. सहाच पायऱ्या. मी फोन हातात धरून उभी होते आणि मोजणीबाई घड्याळ बघत होती. प्रत्येक पायरीला आत्याच्या तोंडून जो आवाज येत होता त्याचं भाषांतर करायची कोणाला गरज पडली नाही.

"आता सांगा. दुखतं किती, शून्य ते दहा?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू?"

"सांग गं."

"नऊ. दहा म्हणत नाही, बाळंतपण मी केलेलं नाही."

फोनमधली बाई हे सांगताना चक्क हसली. आत्याने मग फोनलाच दम भरला, "हसायचं काय त्यात? तेही सांगताय की नाही?"

अकरा दिवसांत पत्र आलं आणि दहा आठवड्यांनी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं त्यानंतर पाच महिन्यांनी. शुद्धीवर आल्यावर आत्याने सगळ्यात आधी काय केलं असेल? अंगाखालची चादर चिमटीत धरून बघितली. "ही तुझ्या मशीनवरची का गं? कडेला चुणी राहिलीय." तिसऱ्या दिवशी व्यायाम घेणारा तरुण आला तेव्हा तिने पलंगाच्या दांडीवर चमचा दोनदा वाजवला आणि उभी राहिली. चार दिवसांत अख्ख्या वॉर्डाला कळलं होतं की दोनदा वाजलं म्हणजे वॉकर आणायचा. शेजारच्या पलंगावरच्या आजीबाईंना आपली भाषा येत नव्हती, पण त्याही चमचा वाजवायला लागल्या. नर्सेस माझ्याकडे तक्रार करायच्या आणि हसायच्याही.

गेल्या महिन्यात मोजणीबाई शेवटच्या तपासणीला आली. फोन टेबलावर ठेवला, तर आवाज तोच! मोजणीबाईने मुद्दाम तीच दुभाषी मागून घेतली होती. आत्याने चहा केला. ट्रे दोन्ही हातांत घेऊन आली, या वेळी चार कप. चौथा फोनसमोर ठेवला. "त्या ताईंचा," म्हणाली. कपाळावर घाम नव्हता, मी नीट बघितलं.

खुर्ची झाली, पलंग झाला, गुडघे वाकवून झाले. मोजणीबाईने लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. फोनवालीने सांगितलं: "सर्व कामं स्वतः करतात. जिन्याचा वापर विनाअडथळा."

अगदी तीच वाक्यं. ज्या पत्रापायी मी रडकुंडीला आले होते त्यातली. आत्याने कप खाली ठेवला. "हे तर हिने पहिल्याच वेळी लिहिलं होतं की! मग माझे दोन गुडघे कापले कशाला?"

हसून हसून पुरेवाट झाली. फोनवालीला पुन्हा एक मिनिट लागलं.

निघताना मोजणीबाई दाराशी थांबली, आत्याने पुढे जावं म्हणून. आत्या म्हणाली, "स्टॉपपर्यंत येते तुम्हाला पोचवायला. तसं त्या तिकिटाच्या ऑफिसातही जायचंय मला."

मी कपांचा ट्रे घेऊन आत निघाले होते, ती मागे वळले. "आत्या?"

"अगं, त्या माणसाने माझं नाव-नंबर लिहून घेतला होता. येते म्हणून सांगून आले होते, तो बिचारा वाट बघत असेल. त्याला सांगून टाकते, आमची गाडी रद्द."

तिने किल्ली हातात घेतली, कठड्यावर दोनदा वाजवली आणि सरळ समोर तोंड करून चौतीस पायऱ्या उतरायला लागली. मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि चप्पल न घालताच मागोमाग निघाले.